वॉलेटमधला वेईतला (ईथर या क्रिप्टोचलनाच्या सर्वांत लहान एककातला) लांबलचक बॅलन्स जावास्क्रिप्टमध्ये नीट वाचता येईल असा कसा दाखवायचा? माझा बॅलन्स १२३४५६७८९०१२३४५६७८९ वेई आहे, पण ईथरमध्ये आणायला भागाकार केला की शेवटचे आकडे बदलतात.

तुमचाच आकडा घेऊ. १२३४५६७८९०१२३४५६७८९ वेई म्हणजे साधारण १.२३४५ ईथर. दहाच्या अठराव्या घाताने भागल्यावर शेवटचे आकडे बदलतात, असं तुम्ही म्हणता. पण दोष भागाकाराचा नाही, आकडा त्याआधीच बिघडलेला असतो. कन्सोलमध्ये तो नुसता टाकून पाहा, शेवटी ६७८९ ऐवजी ६८०० दिसेल. जावास्क्रिप्टचा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने बिनचूक धरतो. तेवढे वेई म्हणजे जेमतेम ०.००९ ईथर!

म्हणून बिगइंट (कितीही मोठा पूर्णांक बिनचूक धरणारा जावास्क्रिप्टचा प्रकार) वापरा, आणि त्यालाही आकडा स्ट्रिंग म्हणूनच द्या. अवतरणचिन्हं विसरलात तर बिगइंटच्या हाती बिघडलेलाच आकडा पडतो. ईथरियमचा नोड (नेटवर्कमधला संगणक) बॅलन्स हेक्स, म्हणजे सोळा-आधारी अंकांच्या, स्ट्रिंगमध्ये देतो, ती बिगइंटला थेट चालते. एखादं एपीआय जेसनमध्ये अवतरणाशिवाय आकडा पाठवत असेल तर मात्र तो पार्स होतानाच हातचा जातो.

पुढचं गणित शाळेतलं. दहाचा अठरावा घात (तोही बिगइंट, नाहीतर टाइपएरर येईल) भाजक घ्या; भागाकार हा पूर्ण भाग, बाकी हा दशांश भाग. बहुतेक जण अडकतात ते बाकीपाशी. १.०५ ईथरची बाकी सतराच अंकी येते. ती तशीच टिंबापुढे चिकटवून मागची शून्यं छाटली की स्क्रीनवर १.५ दिसतं! म्हणून बाकीची स्ट्रिंग करून आधी पॅडस्टार्टने डावीकडे शून्यं भरून १८ अंक पुरे करा, शून्यं मग छाटा.

१८ हा आकडा कोडमध्ये कायमचा लिहून ठेवू नका. बिटकॉइनला ८ दशांश, सोलानाला ९. ईथरियमवरच्या यूएसडीटीला (डॉलरशी बांधलेलं टोकन) ६, तर बीएनबी चेनवरच्या यूएसडीटीला १८. नाव तेच, फरक दहाच्या बाराव्या घाताचा. टोकनच्या कॉन्ट्रॅक्टलाच (ब्लॉकचेनवरच्या त्याच्या प्रोग्रामला) डेसिमल्स, म्हणजे दशांश किती ते, विचारा.

चारच दशांश दाखवायचे असतील तर स्ट्रिंग सरळ कापा, टूफिक्स्ड (आकडा जवळच्या दशांशाला गोल करणारं फंक्शन) नको. ०.९९९९९ ईथर असताना तो १.०००० दाखवतो, माणूस १ पाठवायला जातो आणि व्यवहार अडकतो. बॅलन्स कमी दिसला तर चालेल, जास्त दिसता कामा नये. अगदी बारीक रक्कम कापून शून्य होत असेल तर ‘०.०००१ पेक्षा कमी’ असं लिहा. पैसे असताना शून्य दिसलं की लोक घाबरतात.

स्वल्पविराम फक्त पूर्ण भागाला. जावास्क्रिप्टमधल्याच इंटलचा नंबरफॉरमॅट बिगइंट घेतो, आणि भारतीय इंग्रजी लोकेल (भाषा-प्रदेशाची खूण) दिलं की लाख-कोटींप्रमाणे गट पाडतो. मराठी लोकेल दिलंत तर अंकही देवनागरी होतात, ते हवं असेल तरच द्या.

ईथर्स किंवा व्हिएम या ईथरियमसाठीच्या लायब्ररी आधीच वापरत असाल तर भागाकाराची ही खटपट त्यांचं फॉरमॅटयुनिट्स करून देतं. त्यातून स्ट्रिंग मिळते, तिला लगेच पार्सफ्लोट लावून पुन्हा साधा नंबर करू नका.