दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभराने वाहणारी जखम

नमस्कार सिस्टर,

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर टाके नीट भरलेले चार रुग्ण महिनाभराने बेंबीजवळची जखम वाहते म्हणून परत आले, पुवाच्या तपासणीत काहीही उगवले नाही आणि व्यवस्थापनाने तुम्हाला ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) फ्युमिगेशन, म्हणजे जंतुनाशक धूर, करून भिंतींचे स्वॅब पाठवायला सांगितले, हे तुमचे लिखाण मी दोनदा वाचले. मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका रुग्णालयात मी ओटी इन्चार्ज असताना नेमके हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. हात धुणे, ओटीतील शिस्त, कचऱ्याच्या रंगीत पिशव्या यांविषयी तुम्हाला सांगण्याची गरज नाही.

मी डॉक्टर नाही आणि निदान करण्याचा अधिकार मला नाही. तरीही काही आठवड्यांनी उद्भवणारा त्रास, फक्त ट्रोकार (दुर्बीण व उपकरणे आत नेण्यासाठी पोटात घालायची पोकळ नळी) घातलेल्या जागीच होणारी गाठ, नेहमीच्या प्रतिजैविकांना न मिळणारा प्रतिसाद आणि साध्या कल्चरचा (जंतू उगवून पाहण्याच्या तपासणीचा) कोरा अहवाल ही लक्षणे एकत्र दिसली, की पाण्यात आणि मातीत राहणाऱ्या, क्षयरोगाच्या जंतूच्या जातकुळीतल्या ‘अटिपिकल मायकोबॅक्टेरिया’चा संशय घ्यायलाच हवा.

माझी सर्वांत मोठी चूक इथेच झाली. ४८ तासांत ‘नो ग्रोथ’ असा अहवाल आला आणि त्याचा अर्थ मी ‘जंतू नाहीत’ असा घेतला. या गटातील लवकर वाढणाऱ्या जातींनाही उगवायला कित्येक दिवस लागतात, आणि मायकोबॅक्टेरियाची तपासणी हवी असे प्रयोगशाळेला चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावे लागते. मी ते लिहिले नव्हते. पुढचे पाच आठवडे आम्ही फॉर्मॅलिनचा धूर करत राहिलो, डोळे चुरचुरत असतानाही भिंतींचे, दिव्यांचे, टेबलाचे स्वॅब घेत राहिलो, आणि त्याच काळात तीच उपकरणे नव्या रुग्णांच्या पोटात जात राहिली. आमच्या एकूण सात बाधितांपैकी तिघांची शस्त्रक्रिया त्या पाच आठवड्यांतली आहे. ही गोष्ट मी आजही विसरू शकलेले नाही.

अखेर एका रविवारी मी ट्रोकार स्वतः पूर्ण उघडला. झडप काढली, आतले रबरी वॉशर सोडवले आणि नळीतून बारीक ब्रश फिरवला, तेव्हा ब्रशच्या टोकाला तपकिरी, चिकट थर आला. बाहेरून तो ट्रोकार आरशासारखा चकचकीत होता. असा थर आत असेल तर रसायन जंतूंपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय आम्ही २ टक्के ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशक द्रावणात उपकरणे २० मिनिटे ठेवत होतो. तेवढ्याने उच्च पातळीचे निर्जंतुकीकरण होते, पूर्ण निर्जंतुकता येत नाही, त्यासाठी त्याच द्रावणात सुमारे १० तास लागतात. त्याहून वाईट म्हणजे बाहेर काढलेली उपकरणे आम्ही स्टीलच्या डब्यातील, आदल्या दिवशी उकळून ठेवलेल्या पाण्यात विसळत होतो, आणि ते पाणी कमी पडले की वरून गच्चीच्या टाकीचे साधे पाणी मिसळले जाई. म्हणून, सिस्टर, भिंतींच्या आधी तो डबा तपासा.

हे सगळे का चालले होते, याचे उत्तर एका वाक्यात देता येते. आमच्याकडे लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा, एकच सेट होता आणि यादीत दिवसाला पाच रुग्ण असत. दुसऱ्या सेटची मागणी खरेदी विभागाने तीन वेळा परत पाठवली, एकदा तर ‘सध्याचा सेट कार्यरत आहे’ असा शेरा मारून. त्याच विभागाने त्याच आठवड्यात फॉर्मॅलिनचे बिल मात्र विनातक्रार मंजूर केले. कोणाला दुखवण्याचा हेतू नाही, परंतु ज्यांनी ट्रोकार कधी उघडून पाहिला नाही त्यांनी तो कार्यरत आहे की नाही हे ठरवू नये.

व्यवस्थापन हलले ते ब्राझीलचे उदाहरण पुढे ठेवल्यावर. रिओ दि जानेरोमध्ये २००६-०७ मध्ये अशाच शस्त्रक्रियांनंतर हजाराहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि तिथला जंतू २ टक्के ग्लुटराल्डिहाइडलाही दाद देत नसल्याचे आढळले. २००९ मध्ये त्या देशाने अशी उपकरणे द्रावणात बुडवून निर्जंतुक करण्यावर बंदी घातली. तुम्हीही हे कागदावर मांडा, तोंडी सांगू नका.

माझे मत ठाम आहे, सर्व सर्जनना ते पटेलच असे नाही: पोटात जाणाऱ्या उपकरणांसाठी ग्लुटराल्डिहाइडचा ट्रे ओटीत ठेवूच नये. प्रत्येक भाग सुटा करून, एन्झाइमच्या द्रावणात भिजवून, ब्रशने घासून, कोरडा करून जे ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होते ते ऑटोक्लेव्ह करावे, उरलेले प्लाझ्मा (हायड्रोजन पेरॉक्साइडचे यंत्र) किंवा ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) निर्जंतुकीकरणाला द्यावे. ईटीओनंतर वायू निघून जायला बरेच तास लागतात, त्यामुळे त्याच दिवशी सेट परत मिळणार नाही. यादीत किती रुग्ण घ्यायचे हे सेटच्या संख्येवरून ठरले पाहिजे. पावसाळ्यात पॅक ओलसर निघाला तर तो निर्जंतुक धरू नये, हेही जाता जाता सांगते.

आणखी एक गोष्ट खास आपल्या मुंबईची. इथे क्षयरोग इतका आहे की बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (क्षयरोगातही दिसणारा पेशींचा पुंजका) दिसला की लगेच एकेटी, म्हणजे क्षयरोगाचे औषधोपचार, सुरू होते. आमच्या दोन रुग्णांनी ती कित्येक महिने घेतली. या जंतूंच्या लवकर वाढणाऱ्या जाती त्या नेहमीच्या गोळ्यांना सहसा जुमानत नाहीत. औषध कोणते हे डॉक्टरच ठरवतील, परंतु त्याआधी पू किंवा ऊतीचा तुकडा कल्चरला जाईल एवढे तुम्ही पाहा. तो सलाइनमध्ये पाठवा, फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर कल्चर होणारच नाही.

उद्याच ओटी रजिस्टरमधून गेल्या तीन-चार महिन्यांतील लॅप्रोस्कोपीच्या सर्व रुग्णांची यादी काढा आणि फोन रिसेप्शनवर न सोपवता स्वतः करा. ‘जखम बरी आहे का’ असे विचारले तर लोक हो म्हणतात. बेंबीजवळ गाठ लागते का, कपड्याला ओल लागते का, दुसऱ्या डॉक्टरांकडे ड्रेसिंगला जाता का, असे विचारा. आमचे दोन रुग्ण या तिसऱ्या प्रश्नावर सापडले.