खाणीतल्या धातुकाचं वय नेमकं कसं काढतात? कार्बन डेटिंगने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भंडाऱ्याकडे मामांच्या गावी गेला असताना डोंगरी बुजुर्गच्या बाजूने मँगनीजचा एक काळा, जड दगड आणलात. कुणीतरी तो 'शंभर कोटी वर्षांचा' असल्याचं सांगितलं. हे वय काढतात कसं, कार्बन डेटिंग करतात का, आणि वाचलेल्या लेखांत सारखी भेटणारी 'ट्रेस एलिमेंट्स' (खनिजात अगदी अल्प प्रमाणात असणारी मूलद्रव्यं) यात काय करतात, हे तुम्हाला हवंय. दगडाकडे शेवटी येतो, कारण त्याचंच उत्तर सगळ्यात अडचणीचं आहे.

कार्बन डेटिंग नाही. कार्बन-14 चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, 5730 वर्षं. पन्नासेक हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही, आणि मुळात त्यासाठी लाकूड, कोळसा, हाड असं कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं. खाणीत कार्बन डेटिंग करतात, पण ते माणसाने कधी खणलं हे कळण्यासाठी. राजस्थानात रामपुरा-आगुचा इथे जस्त-शिशाचा मोठा साठा आहे. तिथल्या जुन्या खोदकामातल्या लाकडाचं वय दोन हजार वर्षांहून जास्त निघालंय, आणि ज्या धातुकासाठी ते खोदकाम झालं त्याचं सुमारे 180 कोटी वर्षं. एकाच खाणीची ही दोन वयं बातम्यांमध्ये बेमालूम एक होतात.

आता मूळ अडचण. तांबं, सोनं, जस्त, मँगनीज यांच्यात स्वतःचं घड्याळ नसतं. कॅल्कोपायराइटचा, म्हणजे तांब्याच्या पिवळ्या धातुकाचा तुकडा कितीही महागड्या यंत्रात घातला तरी त्यातलं तांबं आपला जन्म सांगणार नाही, कारण ते किरणोत्सारी नाही. म्हणून आम्ही भूशास्त्रज्ञ त्याच्या सोबत्यांना गाठतो. त्याच गरम पाण्यातून, त्याच शिरेत, त्याच वेळी जन्मलेलं आणि पोटात एखादं किरणोत्सारी मूलद्रव्य बाळगणारं खनिज शोधायचं आणि त्याचं वय काढायचं. ते खनिज खरंच 'त्याच वेळी' जन्मलं का, हे ठरवण्यात आमच्या क्षेत्रातली निम्मी भांडणं होतात. आकडा काढणं त्या मानाने सोपं.

तुमच्या मामांच्या गावापासून फार लांब नसलेलं उदाहरण घेतो. गोंदियाहून बालाघाट, तिथून बैहरच्या पुढे मलाजखंड. हिंदुस्तान कॉपरची तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे तिथे. ग्रॅनाइटमध्ये धनुष्यासारखी वाकलेली गारेची (क्वार्ट्झची) भिंत आणि त्या गारेत तांबं. ते आलं कधी? ग्रॅनाइट थंड होत असताना त्याच्याच पाण्यातून, की नंतर कधीतरी भेगांमधून? यावर बरीच वर्षं वाद चालला, कारण आपल्याकडच्या इतक्या जुन्या खडकांवर नंतर दाब, उष्णता, पाणी यांचे इतके संस्कार झालेले असतात की मूळ चेहरा ओळखू येत नाही.

तिथे तांब्याच्या सोबतीला मॉलिब्डेनाइट सापडतं. चंदेरी-करड्या, मऊ पापुद्र्यांचं हे खनिज. बोट फिरवलं तर पेन्सिलीच्या शिशासारखा डाग पडतो, आणि आमच्या धंद्यात ते सोन्याहून लाडकं. जन्मताना ते पाण्यातलं रेनियम नावाचं दुर्मीळ मूलद्रव्य शोषून घेतं, कधी दहा लाखांत काही भाग, कधी शेकड्यांनी. मात्र ऑस्मियम जवळपास अजिबात आत घेत नाही. रेनियममधला निम्म्याहून जास्त भाग असतो रेनियम-187 हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू). तो फार सावकाश ऑस्मियम-187 मध्ये बदलत जातो. त्याचं अर्धायुष्य सुमारे 4160 कोटी वर्षं, विश्वाच्या वयाच्या तिप्पट! म्हणजे आज त्या पापुद्र्यात जे ऑस्मियम आहे ते जवळजवळ सगळं तिथेच तयार झालेलं. सुरुवातीला किती होतं हा वयमापनातला सगळ्यात त्रासदायक प्रश्न इथे उरतच नाही. फक्त आईची (रेनियमची) आणि लेकीची (ऑस्मियमची) शिरगणती करायची.

मलाजखंडच्या मॉलिब्डेनाइटचं वय या पद्धतीने सुमारे 249 कोटी वर्षं निघालं आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झालं. हिशेब सोपा आहे: रेनियम-187 चे 1000 अणू शिल्लक असतील तर त्यांच्यामागे ऑस्मियमचे साधारण 42 अणू. इतक्या अवाढव्य काळात एवढीच लेक! ग्रॅनाइटमधल्या झिरकॉन या खनिजाचं वय दुसऱ्या घड्याळाने, युरेनियम-शिशाने (युरेनियमचं क्षयाने शिसं होतं), काढलेलं होतं, तेही 248 कोटींच्या आसपास. दोन वेगळी खनिजं, दोन वेगळी मूलद्रव्यं आणि आकडे जवळजवळ एकच. तांबं ग्रॅनाइटच्या जन्मवेळचंच, या बाजूचं पारडं त्यामुळे चांगलंच जड झालं. अँडीज पर्वतातल्या तांब्याच्या साठ्यांसारखाच प्रकार, फक्त कमालीचा म्हातारा.

हे वाचायला सोपं वाटतं, पण या घड्याळाने मला एकदा तोंडावर पाडलंय. शोधप्रबंधाच्या दिवसांत एका (दुसऱ्याच) ठिकाणाहून अंगठ्याच्या नखाएवढा सुंदर पापुद्रा मिळाला होता. तो सगळा वापरून टाकायचं जिवावर आलं, म्हणून कोपऱ्यातून दोन लहान कण काढून दिले. वयं आली ती एकमेकांपासून कित्येक कोटी वर्षं लांब, आणि एक तर ज्या ग्रॅनाइटला ती शीर भेदून गेली होती त्याच्याही आधीचं. बापाआधी मुलगा जन्मलेला. मी आठवडाभर प्रयोगशाळेला दोष देत होतो. चूक माझी होती. मोठ्या पापुद्र्यात तयार झालेलं ऑस्मियम रेनियमच्या शेजारी बसून राहत नाही, आतल्या आत थोडं सरकतं. एका कोपऱ्यात लेकी जास्त, दुसऱ्यात आया जास्त. म्हणून अख्खा पापुद्रा दळून एकजीव करावा लागतो, मग आम्लासोबत जाड काचेच्या नळीत घालून तोंड वितळवून बंद करायचं आणि दोन-अडीचशे अंशांवर तापवायचं. बंद एवढ्यासाठी की ऑस्मियमचं ऑक्साइड वायू होऊन उडून जातं. सुंदर नमुना जपून ठेवायचा मोह मला तेव्हापासून होत नाही.

सगळीकडे मॉलिब्डेनाइट मिळत नाही. मग ज्याच्या-त्याच्या नशिबात असेल ते खनिज: मोनाझाइट, झेनोटाइम, कथिलाच्या साठ्यात कॅसिटेराइट (ही सगळी युरेनियम-शिशाच्या घड्याळाची), शिरेच्या कडेचं अभ्रक असेल तर पोटॅशियम-आर्गॉन (किरणोत्सारी पोटॅशियमपासून आर्गॉन वायू बनतो). शिशाच्या खाणीत आणखी एक गमतीशीर युक्ती चालते. गॅलेना या शिशाच्या धातुकात युरेनियम जवळजवळ नसतंच. त्यामुळे त्यातल्या शिशाच्या समस्थानिकांचं प्रमाण ज्या दिवशी ते गोठलं त्या दिवशी थांबलं. बाहेर पृथ्वीवरच्या शिशाचं प्रमाण युरेनियम-थोरियमच्या क्षयामुळे बदलत राहिलं. थांबलेलं घड्याळ किती वाजता थांबलं, हे चालू घड्याळाच्या हिशेबाने काढायचं. आर्थर होम्स आणि फ्रिट्झ हाउटरमान्स यांनी 1946 मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. वर दिलेलं आगुचाचं 180 कोटी हे अशाच जातीचं वय आहे. याला 'मॉडेल वय' म्हणतात आणि शब्दाप्रमाणेच ते मॉडेलइतकंच खरं. मी ते दिशा दाखवायला वापरतो, त्यावर पैज लावत नाही.

आता ट्रेस एलिमेंट्स. नीट ऐका, कारण इथे बऱ्याच लेखांत घोटाळा असतो. ती वय सांगत नाहीत. ती ओळखपत्र दाखवतात. समजा सोन्याच्या शिरेत मोनाझाइटचा कण सापडला. तो सोन्याबरोबर गरम पाण्यातून आला, की शेजारच्या ग्रॅनाइटमधून सुटून तिथे अडकला? वितळलेल्या खडकात जन्मलेल्या मोनाझाइटमध्ये थोरियम सहसा भरपूर असतं, गरम पाण्यातून आलेल्यात बऱ्याचदा फारच कमी. असं कमी थोरियमचं मोनाझाइट सोन्याला चिकटून वाढलेलं दिसलं तर त्याच्या वयाला अर्थ. पायराइटच्या (लोखंड-गंधकाच्या खनिजाच्या) एकाच कणात गाभा निकेल-कोबाल्टने भरलेला आणि कडा आर्सेनिकने, असंही दिसतं. म्हणजे तो कण दोन हप्त्यांत वाढलाय आणि सोनं कुठल्या हप्त्यात आलं ते पाहायला हवं. लेझरने केसाच्या जाडीएवढा खड्डा पाडून त्यातली वाफ मोजता येऊ लागल्यापासून हे काम फार बारकाईने होतं. त्याआधी आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली कोण कोणाला चिकटलंय, कोण कोणाला कापून गेलंय एवढं पाहून ठरवायचो. आजही मी पहिला विश्वास त्यावरच ठेवतो. सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा पातळ छेद न पाहता थेट यंत्राचे आकडे घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याला मी परत पाठवतो.

सोबत्याचा प्रश्न किती चिघळू शकतो याचा नमुना म्हणजे दक्षिण आफ्रिकेतलं विटवॉटर्सरँड. जगात आजवर निघालेल्या सोन्याचा फार मोठा वाटा तिथला. सोनं आहे गोटे-वाळूच्या थरांत, ज्यांचं वय साधारण 290 ते 276 कोटी वर्षं. नदीने डोंगरातून वाहून आणलं, की थर बसल्यावर गरम पाण्याने आणलं? शंभर वर्षं दोन तट. 2002 मध्ये थेट सोन्याच्याच कणांवर रेनियम-ऑस्मियम चालवलं गेलं आणि वय आलं सुमारे 303 कोटी. थरांपेक्षा सोनंच जुनं! नदीवाल्यांनी पेढे वाटावेत असा आकडा. तरीही वाद मिटला नाही, कारण नंतरच्या गरम पाण्याने सोनं जागच्या जागी हलवल्याच्या खुणाही त्याच खडकात आहेत. माझं मत विचाराल तर आणलं नदीनेच, पाण्याने नंतर थोडं सारवासारव केलं.

आता तुमचा दगड. सौसर समूह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या जुन्या खडकांतलं हे मँगनीज मुळात समुद्राच्या तळाशी साचलं. मग ते खोल गाडलं गेलं, दाबलं गेलं, भाजलं गेलं. या भाजण्यातून जो खडक बनला त्याला फर्मर या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने इथल्या गोंड लोकांवरून 'गोंडाइट' असं नाव दिलं, आणि ते जगभर चालतं. तुम्हाला सांगितलेली शंभर कोटी वर्षं ही ढोबळमानाने त्या भाजण्याची आहेत. तळाशी साचणं त्याच्याही आधीचं, आणि त्याला मलाजखंडसारखा चांगला सोबती मिळत नाही.

शिवाय तिसरं वयही असू शकतं. हे धातुक वर आल्यावर पावसापाण्याने कुजून त्याचा काही भाग क्रिप्टोमेलेन नावाच्या खनिजात बदलतो. त्यात पोटॅशियम असतं, म्हणजे आर्गॉनचं घड्याळ चालतं. गोव्याकडच्या मँगनीजमधल्या क्रिप्टोमेलेनची अशी वयं काढली तेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याची जमीन निदान साडेचार कोटी वर्षांपूर्वीच ऊनपाऊस झेलत होती, म्हणजे घाटाचा कडा तेव्हाच जवळपास आजच्या जागी होता, असा निष्कर्ष निघाला. खाणीच्या कचऱ्यातून घाटाचा इतिहास!

तुमच्या दगडाचा फोटो ताज्या तुटलेल्या बाजूने काढून पाठवा. लालसर-नारिंगी बारीक गोल दाणे दिसले तर तो स्पेसार्टिन गार्नेट, म्हणजे भाजलेला गोंडाइट. नुसता काळा, द्राक्षांच्या घडासारखा फुगीर आणि हाताला काजळी लावणारा असेल तर तो नंतरच्या कुजण्याचा, आणि मग ते शंभर कोटी विसरा. मामांना मात्र सांगा की दगड उचलला ती जागा लक्षात ठेवा. जागा माहीत नसलेल्या नमुन्यावर कुठलीही प्रयोगशाळा नळी वाया घालवत नाही.