बाबांना स्टेंट आहे आणि ते अमेरिकेला येताहेत?

मग विम्याचा हप्ता नंतर बघा, आधी ‘ॲक्यूट ऑनसेट’चं, म्हणजे जुना आजार अचानक उफाळण्याचं कलम वाचा. जुना हृदयविकार अनेक पॉलिसी तेवढ्यापुरताच धरतात: त्रास अचानक उद्भवला पाहिजे आणि 24 तासांत उपचार सुरू झाले पाहिजेत. छातीत दाटून आलंय, दरदरून घाम फुटलाय, तरी ‘गॅस असेल, सकाळी बघू’ म्हणत थांबलात तर जीव आणि दावा दोन्ही धोक्यात.

लगेच 911 हा तिथला आपत्कालीन नंबर लावा. स्वतः गाडीत घालून नेऊ नका. अँब्युलन्समध्ये वाटेतच ईसीजी निघतो. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर फोनवरच्या माणसाला विचारून 325 मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या. अख्खी गिळली तर उशिरा लागू पडते. खर्चाला घाबरून अडू नका. 1986च्या कायद्यामुळे जवळपास सगळ्याच इमर्जन्सी विभागांना पैशांचा विचार न करता तपासून प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल मात्र येतंच.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांसकट ठेवायला सांगा. छातीदुखीच्या गोळीचं ‘सॉर्बिट्रेट’ हे ब्रँडचं नाव तिथे पटकन कळेलच असं नाही. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट असं जेनेरिक नाव चिठ्ठीवर हवं. जुन्या ईसीजीची प्रतही हवीच, नवा बदल कोणता ते तिच्याशी ताडूनच कळतं.