मामाचा आजार, कॅल्क्युलेटरची काच आणि अकरावीचं गणित

साखळीच्या (गोवा) ताई, नमस्कार.

अकरावीला गणित सोडून फक्त जीवशास्त्र ठेवावं का, एवढंच तुम्ही विचारलंय. पण पत्राचा बराचसा भाग भावाच्या आजाराचा आहे: 36व्या वर्षी मेंदूच्या शिरेत गुठळी, पुढे प्रोटीन एसची (रक्त गोठणं आवरणाऱ्या प्रथिनाची) आनुवंशिक कमतरता निघाली, आणि तेव्हापासून लेक म्हणते, न्यूरॉलॉजिस्टच होणार. शेवटी जाता जाता लिहिलंय, की ती जुने कॅल्क्युलेटर उघडते आणि पोलराइज्ड गॉगलची काच फिरवत त्यांचे आकडे दिसेनासे करते. मी त्या ओळीवर थांबलो.

आधी उत्तर. गणित सोडू नका. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र असे चारही विषय मिळत असतील तर घ्या. नीटला गणित लागत नाही, पण एकदा सोडलेलं गणित बारावीनंतर परत धरणं फार जड जातं. आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत तर चारही विषय येतात.

आता लेकीबद्दल. घरातल्या आजारामुळे डॉक्टर व्हायचं ठरवणारी बरीच मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी विचारतो, आजार बरा करायचाय की त्या कामात रोज उभं राहायचंय? मामासारखा रुग्ण आला, तर पहिल्या दिवसांतलं काम बहुधा ठरलेलं असतं. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन सुरू करायचं, आणि शिरेतल्या गुठळीमुळे मेंदूत थोडा रक्तस्राव झाला असला तरीही बहुतेक वेळा द्यायचं. दोष आनुवंशिक आहे की नाही, याने त्या घडीचे उपचार फारसे बदलत नाहीत. खरा कस पुढे लागतो. ताज्या गुठळीत किंवा वॉरफेरिन (रक्त गोठू न देणारी गोळी) चालू असताना प्रोटीन एसची पातळी फसवी येते, म्हणून तपासणी कधी करायची; गोळ्या काही महिने द्यायच्या की जन्मभर; आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) 2 ते 3 मध्ये ठेवताना रक्तस्रावाचा धोका किती पत्करायचा. पूर्ण खात्री नसतानाही रुग्णासमोर निर्णय घ्यावा लागतो. तिथवर पोचायला इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, न्यूरॉलॉजीतल्या डीएमची तीन. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एखादा दिवस नुसतं ओपीडीबाहेर बसलात, तरी यातलं थोडं कळेल.

कॅल्क्युलेटरच्या काचेत वेगळंच चाललेलं असतं. दोन काचांमध्ये काही मायक्रॉन जाडीचा द्रवस्फटिकाचा (लिक्विड क्रिस्टलचा) थर असतो. विजेचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की रेणू वळतात, खाली आला की परत येतात. प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, म्हणून बटणाएवढा सेल वर्षानुवर्षं पुरतो. दाब मात्र उलटसुलट द्यावा लागतो, एकाच दिशेने दिला तर द्रव खराब होतो. गंमत म्हणजे हे प्रकरण 1888 साली सुरू केलं ते रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने, कोलेस्टेरॉलपासून बनलेला पदार्थ दोनदा वितळताना पाहून. 1977 मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. आजही तिथे या विषयावर चांगलं काम चालतं.

गॉगल फिरवत बसण्याची आवड कुणी लावून दिलेली दिसत नाही. डॉक्टर होण्याची ओढ मात्र भीतीतून आली असू शकते. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण दोन वर्षं तपासून पाहू द्या. बीएस्सी फिजिक्स, मग जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, किंवा थेट आयसर, हे रस्ते नीट हुकली म्हणून धरायचे नसतात. मिस्टरांना हे स्पष्ट सांगा. नोकरी लवकर लागत नाही, हेही सांगा.

एक गोष्ट मात्र प्रवेशाच्या फॉर्मआधी करा. भावाचे रिपोर्ट घेऊन रक्तविकारतज्ज्ञांना भेटा. सख्ख्या बहिणीत हा दोष असण्याची शक्यता साधारण निम्मी असते, आणि तुमच्यात असला तर लेकीत असण्याचीही तेवढीच. तपासणी करायची का, कधी करायची, हे त्यांनाच ठरवू द्या. पुढेमागे लेकीला पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या कुणी लिहून दिल्या, तर मामाचा आजार त्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण अशा काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो.