ॲस्पिरिन, वजनाचं इंजेक्शन आणि काकूंचं ऑपरेशन : तीन फॉरवर्ड

तुम्ही पाठवलेल्या तीन फॉरवर्डपैकी आधी ॲस्पिरिनचं, कारण ते तातडीचं आहे. 'सत्तरीनंतर ॲस्पिरिन निरुपयोगी' हा मेसेज वाचून बाबांनी परवापासून गोळी बंद केलीय असं तुम्ही लिहिलंय. आजच त्यांच्या कार्डिओलॉजिस्टना फोन करून सांगा. दोन वर्षांपूर्वी ॲटॅक येऊन स्टेंट बसलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने थांबवायची नसते. स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती असते.

मेसेज मात्र धादांत खोटा नाही. २०१८ मध्ये ॲस्प्री नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले १९,११४ लोक, बहुतेक सत्तरीपुढचे. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन त्यांचं धडधाकट आयुष्य काही वाढलं नाही, उलट मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण २.८ टक्क्यांवरून ३.८ वर गेलं. पण चाचणीत घेतलेल्या कुणालाही आधी हृदयविकार झालेला नव्हता! फॉरवर्ड करणाऱ्याने नेमकं तेच गाळलं. तुमचे बाबा त्या चाचणीत बसलेच नसते.

गंमत म्हणजे दुसऱ्या, वजनाच्या इंजेक्शनच्या मेसेजमधल्या चाचणीत ते बसले असते. तिचं नाव सिलेक्ट, २०२३. पंचेचाळिशीपुढचे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७ किंवा जास्त, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेला, डायबेटीस नसलेले असे १७,६०४ लोक. सेमाग्लुटाइड, म्हणजे तेच वजन उतरवणारं इंजेक्शन, आठवड्यातून एकदा. 'हार्ट ॲटॅक २० टक्क्यांनी कमी' हे इथूनच आलंय. (खरं तर त्या आकड्यात ॲटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू, तिन्ही धरलेत.)

माझं कामच औषधांच्या चाचण्यांची कागदपत्रं तपासण्याचं, त्यामुळे टक्का दिसला की मी आधी विचारतो, शंभरात किती? इथे सरासरी सव्वातीन वर्षांत औषध नसलेली नुसती सुई टोचलेल्या (तुलनेसाठीच्या) शंभरांपैकी आठ जणांना यातलं काहीतरी झालं, औषधवाल्यांत साडेसहा जणांना. म्हणजे शंभरामागे दीड जण वाचला. आठातला दीड म्हणजे साधारण वीस टक्के, हिशेब चोख आहे. पण बाबांच्या डोक्यात 'वीस जण वाचतात' असं बसलं असणार. दुसऱ्या बाजूला, त्रास होऊन औषध सोडणारे औषधवाल्यांत १६.६ टक्के, नुसत्या सुईवाल्यांत ८.२. कारण बहुतेकदा मळमळ, उलट्या, जुलाब. चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कनेच केला होता. त्याने निकाल खोटा ठरत नाही, पण माहीत असावं.

माझं मत विचाराल तर दीड हा आकडा क्षुल्लक नाही, कारण हे लोक आधीच नेहमीची औषधं घेत होते. पण चाचणीतलं सरासरी वय होतं बासष्टच्या आसपास. बहात्तराव्या वर्षी वजनाबरोबर स्नायूही उतरतात. बाबांची भूक आणि चालणं-फिरणं कसं आहे ते डॉक्टरांना सांगून मगच ठरवा.

काकूंच्या स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनबद्दलचा मेसेज मला तिन्हींत आवडला. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचा तो अभ्यास. ऑपरेशन सुरू होण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. दाढ काढताना हिरडी बधिर करतात ना, तेच स्वस्तातलं औषध. भारतातल्याच सुमारे १,६०० बायका. पाच वर्षांनी हयात असणाऱ्या ८६.४ ऐवजी ९०.१ टक्के, म्हणजे शंभरामागे जवळपास चार. असल्या औषधाची जाहिरात कोण करणार!

फक्त त्या सगळ्यांचं थेट ऑपरेशन झालं होतं, आधी केमो नव्हती. काकूंची केमो आधी झाली असेल तर हे आकडे त्यांना जसेच्या तसे लागू नाहीत. नसेल झाली, तर सर्जनना ऑपरेशनच्या टेबलावर नको, ॲडमिट व्हायच्या आधीच्या भेटीत विचारा, आणि लिग्नोकेनची कधी ॲलर्जी आली असेल तर तेही तेव्हाच सांगा.