लुइव्हिलमध्ये सुट्टी आहे ना, मग एवढं कर

अरे नवीनच आलायस ना अमेरिकेतल्या केंटकीमधल्या लुइव्हिलला, मग पहिल्या सुट्टीला कुठे लांब जाऊच नकोस, ओहायो नदीच्या काठचं वॉटरफ्रंट पार्क आणि संध्याकाळी बॅट्स या इथल्या बेसबॉल टीमची मॅच, दिवस सोन्यासारखा जातो. फक्त सोमवार टाळ, मायनर लीगवाल्यांची (खालच्या स्तरातल्या टीम्सची, बॅट्स त्यातलीच) सोमवारी सहसा सुट्टी असते.

दुपारी ऊन उतरायला लागलं की आधी बिग फोर ब्रिजवर चढ. पूर्वी रेल्वेचा पूल होता, 2013 पासून चालणाऱ्यांना खुला झाला, तिकीट वगैरे काही नाही, चालत चालत नदीपलीकडे थेट इंडियाना राज्यात जेफरसनव्हिलला उतरतोस! मध्यावर थांबून खाली जाणारे बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, बघ, मी अजूनही दर वेळी थांबतो.

मग परत येऊन चालतच लुइव्हिल स्लगर फील्ड, म्हणजे बॅट्सचं स्टेडियम, गाठ. बॅट्स म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च लीगमधल्या सिनसिनाटी रेड्सची ट्रिपल-ए टीम, म्हणजे मेजर लीगच्या फक्त एक पायरी खाली, त्यामुळे आज समोर खेळणारा पोरगा पुढच्या आठवड्यात टीव्हीवर दिसू शकतो, मला तर याचंच सगळ्यात अप्रूप वाटतं. क्रिकेट डोक्यात ठेवून बघितलंस तर सुरुवातीला गोंधळ होईल, इथे तीन आउट झाले की बाजू बदलते, असे नऊ इनिंग्ज, आणि मागे गेलेला बॉल रन देत नाही, फाउल असतो. बेसलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेलगत, बसलास तर मोबाईल खिशात ठेव, फाउल बॉल जोरात येतो. सातव्या इनिंगच्या मध्ये सगळे उभे राहून गातात, तेव्हा तूही उठ. पाण्याची बाटली, टोपी विसरू नको.