लॉराला सुपर्बच्या डिस्क बसतील का?

प्रश्न : माझी २००९ची स्कोडा लॉरा आहे, २.० डिझेल. गेल्या महिन्यात घरचे पाच जण सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरत होतो. अर्ध्या घाटात जळका वास सुटला आणि ब्रेकचं पेडल खाली जायला लागलं. मेकॅनिक म्हणतो, स्कोडाच्याच सुपर्बच्या मोठ्या ब्रेक डिस्क टाका, भंगारात स्वस्त पडेल. खरंच बसतात?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसतात. पण तुमच्या मेकॅनिकने आधी विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही : ब्रेक ऑईल कधी बदललं होतं? हे ऑईल हवेतला ओलावा पीत राहतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑईल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेलं १५५च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की आत वाफ होते आणि पेडल खाली जातं. गाडी गार झाल्यावर तुमचं पेडल पुन्हा वर आलं असेल, तर संशय ऑईलवरच घ्या. दर दोन वर्षांनी बदला, आणि गड उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. निम्मं दुखणं इथेच जाईल.

आता डिस्क. आधी पुढचं चाक काढून स्वतः मोजा, नावावर जाऊ नका. तुमची डिस्क २८८ मिमी व्यासाची आणि २५ मिमी जाड असेल तर नशीबवान आहात. त्याच पिढीच्या सुपर्ब आणि फोक्सवॅगन पसाटमध्ये ३१२ मिमीची डिस्क येते. कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, तोच राहतो, फक्त त्याला धरणारं ब्रॅकेट आणि डिस्क बदलते. ब्रॅकेट बिडाचं असतं, झिजत नाही. म्हणून तेवढंच कुर्ल्याच्या भंगारातून घ्या. तडा नाही ना आणि गाईड पिनांची (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्यांची) भोकं गंजलेली नाहीत ना, ते बघून. डिस्क आणि पॅड मात्र नवेच. जुन्या डिस्कवर पैसे वाचवणाऱ्याशी मी गॅरेजमध्ये हुज्जत घालायचो, आजही घालीन. मोजल्यावर २८० आणि २२ निघालं तर कॅलिपरही बदलावे लागतील, मग ‘स्वस्त’ हा शब्द सोडून द्या.

गाईड पिना खोलायला ७ मिमीचा ॲलन (षटकोनी) पाना लागतो. साध्या सेटमध्ये तो बऱ्याचदा नसतो. मग पोरं ६चा ठोकून बसवतात आणि पिनेचं डोकं गोल करून ठेवतात.

फायदा किती? त्रिज्या १२ मिमीने वाढते, म्हणजे तेवढ्याच दाबात ब्रेकचा जोर साधारण दहा टक्के जास्त. उष्णता पचवायला लोखंडही जास्त. पण एकदाच करकचून ब्रेक मारलात तर गाडी पूर्वीपेक्षा फारशी लवकर थांबणार नाही, ते काम टायरचं.

१५ इंची चाकात ही डिस्क मावत नाही, १६ हवं. आणि डिकीतली स्टेपनी बसवून बघाच. माझ्या एका गिऱ्हाइकाने चारही चाकं बदलली, स्टेपनी राहिली १५चीच. कसारा घाटात पुढचं चाक पंक्चर झालं. स्टेपनी कॅलिपरला अडली आणि गाडी टो करून आणावी लागली. टोइंगचं बिल डिस्कच्या जोडीपेक्षा जास्त झालं.

काम झाल्यावर विमा कंपनीला पत्राने कळवा आणि पोच जपून ठेवा.